पीजीबॅकरेस्ट: रिस्टोअरमध्ये पैकीच्या पैकी, डीफॉल्ट सेटिंगमध्ये काठावर पास

दूध संस्थांना संकलनाचं सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या एका छोट्या कंपनीचा डेटाबेस सर्व्हर मी कोल्हापुरात बसून सांभाळतो. पोस्टग्रेस हा डेटाबेस आहे, एडब्ल्यूएस म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउडच्या मुंबई रीजनमध्ये. सकाळ-संध्याकाळ गावोगावचे लिटर, फॅट, एसएनएफ धडाधड येतात, दुपारी सगळं सामसूम. दर दहा दिवसांनी बिलं निघतात. बिलाच्या तोंडावर एखाद्या संस्थेचं एका वेळचं जरी संकलन गहाळ झालं, तरी गावात काय होईल ते सांगायला नको.

बॅकअपसाठी आधी आम्ही डिस्कच्या स्नॅपशॉटवर, म्हणजे त्या क्षणाच्या डिस्कच्या नकलेवर भागवत होतो. स्नॅपशॉट वाईट नाहीत. तेही इन्क्रिमेंटलच असतात, म्हणजे मागच्यानंतर बदललं तेवढंच साठवतात, आणि मधला एखादा उडवला तरी बाकीचे शाबूत राहतात. पण ते तुम्हाला फक्त त्या क्षणाला नेऊन सोडतात. रात्री १ चा स्नॅपशॉट आणि गडबड सकाळी ९ ला, म्हणजे सकाळचं संकलन गेलं. शिवाय स्नॅपशॉटवरून उभी केलेली डिस्क सुरुवातीला कूर्मगतीने चालते, कारण प्रत्येक ब्लॉक पहिल्यांदा वाचताना मागून ओढून आणावा लागतो.

म्हणून पीजीबॅकरेस्ट हे पोस्टग्रेसचा बॅकअप घेणारं आणि तो रिस्टोअर करणारं टूल घेतलं. फुकट आहे, ओपन सोर्स आहे. कॉन्फिग फाइल एकच. त्यात 'स्टॅन्झा' नावाचा एक प्रकार असतो, म्हणजे तुमच्या एका डेटाबेस क्लस्टरची नोंद. ती करायची. पोस्टग्रेस प्रत्येक बदल आधी 'वॉल' नावाच्या लॉगमध्ये लिहितं; ते बाहेर पाठवायला त्याच्या आर्काइव्ह कमांडमध्ये 'आर्काइव्ह-पुश' द्यायचं, 'चेक' चालवायचं. बॅकअप जिथे जातो त्या एसथ्रीच्या (ॲमेझॉनची फाइल साठवण) किल्ल्या फाइलमध्ये लिहून ठेवायची गरज नाही. की-टाइप 'ऑटो' ठेवला की मशिनला दिलेला आयएएम रोल (एडब्ल्यूएसमधली परवानगी) तो आपणच उचलतो. एन्क्रिप्शनचा निर्णय मात्र स्टॅन्झा बनवायच्या आधीच घ्या, नंतर तो बदलता येत नाही. आणि पासफ्रेज त्याच सर्व्हरवर ठेवून निवांत झोपू नका.

आता माझी मुख्य तक्रार. रविवारी फुल म्हणजे पूर्ण बॅकअप, बाकी रात्री इन्क्रिमेंटल असं क्रॉनला (ठरल्या वेळी काम चालवणारं साधन) लावलं. दिवसभरात बदललेला माल मोजून मेगाबाइटमध्ये, पण इन्क्रिमेंटल येतंय कित्येक जीबींचं! कारण असं की पोस्टग्रेस मोठ्या टेबलचे १ जीबीचे तुकडे करून ठेवतं, आणि पीजीबॅकरेस्ट डीफॉल्टला फाइल बदलली का एवढंच बघतं. संकलनाच्या टेबलमध्ये एका शेतकऱ्याचा फॅट ६.२ चा ६.४ केला, तरी ८ केबीच्या एका पानापायी अख्खी १ जीबीची फाइल पुन्हा उचलली जाते. आमच्याकडे संस्था जुन्या नोंदी सतत दुरुस्त करतात, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक तुकड्याला रोज हात लागतो.

यावर इलाज त्यातच आहे. २०२३ साली आलेल्या २.४६ आवृत्तीपासून ब्लॉक इन्क्रिमेंटल मिळतं, म्हणजे फाइलमधला बदललेला भागच उचलायची सोय. 'रेपो-बंडल' आणि 'रेपो-ब्लॉक' दोन्ही 'वाय' करायचे. पहिला नसेल तर दुसरा चालत नाही. ते करून एक ताजं फुल घेतलं आणि रोजचं इन्क्रिमेंटल एकदम आटोक्यात आलं. सोबत कॉम्प्रेशन डीफॉल्ट जीझिपवरून झेडएसटीडीवर नेलं, तेव्हा सीपीयूनेही सुटकेचा नि:श्वास टाकला. एवढी कामाची गोष्ट डीफॉल्टला बंद का, हे मला अजून पटलेलं नाही.

रिटेन्शनचंही तेच. किती फुल ठेवायचे हे सांगितलं नाही तर तो एक वॉर्निंग देतो आणि काहीच पुसत नाही. वॉर्निंग लॉगमध्ये राहते, एसथ्रीचं बिल मालकाच्या ईमेलवर येतं.

पण रिस्टोअर! इथे मात्र मी टोपी काढतो. कंपनीतल्या एका पोराने दरपत्रक दुरुस्त करताना कुठल्या ओळी बदलायच्या ती 'व्हेअर'ची अट न लावता अपडेट मारला आणि गाय-म्हैस सगळ्यांना एकच दर लागला. वेगळं मशिन उभं केलं, 'टाइप' टाइम, 'टार्गेट' त्या अपडेटच्या मिनिटभर आधीची वेळ. सर्व्हर यूटीसीवर चालतो, म्हणून वेळेपुढे +०५:३० लिहायलाच हवं, नाहीतर साडेपाच तासांची गफलत. 'आर्काइव्ह-मोड' ऑफ दिला, म्हणजे हे तात्पुरतं मशिन एसथ्रीवरच्या खऱ्या बकेटमध्ये आपलं वॉल ढकलत बसणार नाही. 'टार्गेट-ॲक्शन' प्रमोट केलं, कारण तसं न केल्यास पोस्टग्रेस त्या वेळेला येऊन नुसतं थांबून राहतं. डेटाबेस उठला, दराचं टेबल डंप करून मूळ सर्व्हरवर नेलं आणि संध्याकाळचं संकलन वेळेवर सुरू झालं. अपडेटनंतर आलेल्या बाकीच्या नोंदींना धक्काही लागला नाही.

एक धोका सांगतोच. एसथ्रीपर्यंत वॉल पोहोचेनासं झालं तर ते सर्व्हरच्या डिस्कवर साचत जातं आणि डिस्क भरली की डेटाबेस बसतो. 'आर्काइव्ह-पुश-क्यू-मॅक्स' लावलं तर डिस्क वाचते, पण मर्यादेपुढचं वॉल तो टाकून देतो, म्हणजे पुढचा बॅकअप होईपर्यंत मधल्या वेळेला परत जाता येत नाही. दोन्ही वाटा वाईटच. मी मर्यादा लावलेली नाही. त्याऐवजी पीजी-वॉल फोल्डरच्या आकारावर अलार्म लावलाय, जो मला रात्री उठवतो.

पोस्टग्रेस १७ मध्ये इन्क्रिमेंटल बॅकअप मुळातच आलाय, मग हे कशाला, असं काही जण विचारतात. 'समराइझ-वॉल' चालू करून 'पीजी-बेसबॅकअप'ने तो घेता येतो, खरं आहे. पण साखळी जोडायला 'पीजी-कम्बाइनबॅकअप', एसथ्रीवर चढवायला स्वतःची स्क्रिप्ट, जुनं पुसायला आणखी एक. इतकं सगळं स्वतः लिहून स्वतःच सांभाळायची मला हौस नाही.

डेटाबेस चार-पाच जीबीचा असेल आणि एका दिवसाचं काम पुन्हा भरणं परवडत असेल, तर रोज रात्री पीजी-डंप (पोस्टग्रेससोबतच येणारं, डेटा फाइलमध्ये काढून ठेवणारं साधन) घ्या आणि सुखी राहा. सर्व्हर विंडोजवर असेल तर हे टूल तिथे चालतच नाही. आणि सर्व्हर बघायला कुणीच नसेल, तर मालकाला आरडीएस, म्हणजे ॲमेझॉनच सांभाळतं तो डेटाबेस, घ्यायला लावा. पैसे जास्त जातील, पण ३५ दिवसांपर्यंतचा बॅकअप तिथे आपोआप ठेवता येतो.