शनिवारवाडा: पंचवीस रुपयांच्या तिकिटात नारायणरावाचा खून कुठे शोधायचा

पुण्याच्या शनिवारवाड्याचं तिकीट काढणारे बहुतेक जण दोन गोष्टींसाठी येतात: दिल्ली दरवाज्यापुढचा फोटो आणि ‘काका, मला वाचवा’ म्हणत मारल्या गेलेल्या नारायणराव पेशव्याची गोष्ट. फोटो दोन मिनिटांत होतो. खुनाची गोष्ट मात्र वाडा आपणहून सांगत नाही. आत हिरवळ, वाटा आणि गुडघ्याएवढी दगडी जोती दिसतात, आणि ‘आत काहीच नाही’ म्हणत माणसं अर्ध्या तासात बाहेर पडतात. तारखा आणि घटनांचा क्रम डोक्यात असेल, तर याच जागेत दीड तास कमी पडतो. पैसे वसूल होणं न होणं सगळं त्यावर आहे.

भारतीयांना तिकीट २५ रुपये, ऑनलाइन काढलं तर ५ रुपये कमी. परदेशी नागरिकांना ३००. १५ वर्षांखालच्या मुलांना मोफत. वेळ निवडायची तर सकाळी उघडल्या उघडल्या जावं. तटावर सावली नाही, दुपारी दगड तापतो, आणि शनिवार-रविवारी संध्याकाळी दिल्ली दरवाज्याच्या कमानीत धड उभंही राहता येत नाही. ट्रायपॉड लावून चित्रण करायचं असेल तर आधी परवानगी लागते. भुताच्या नादाने सामान घेऊन येणारी पोरं इथेच अडकतात.

आत काही का उरलं नाही, हे आधी समजून घ्यावं. थोरल्या बाजीरावांनी १० जानेवारी १७३० ला पायाभरणी केली, २२ जानेवारी १७३२ ला वास्तुशांत झाली. दोन्ही दिवस शनिवार. खर्च आला १६,११० रुपये. तट आणि जोती दगडाविटांची, वरचे मजले, खांब, तुळया, छत सगळं लाकडी. २७ फेब्रुवारी १८२८ ला आग लागली आणि ती आठवडाभर धुमसत राहिली. नारायणराव ज्या दालनातून धावला आणि ज्या दालनात त्याने काकाला मिठी मारली, ती दोन्ही जळाली. त्यामुळे एखादा वाटाड्या जोत्यावरच्या फरशीकडे बोट दाखवून ‘इथेच पडला’ म्हणाला, तर तो अंदाज आहे असं समजून ऐकावं. खुनाचा ठिपका दाखवता येत नाही. त्याच्या वाटा मात्र दाखवता येतात.

आता घटना. थोरले माधवराव पेशवे १८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला वारले. धाकटा भाऊ नारायणराव पेशवा झाला तेव्हा सतरा वर्षांचा होता. चुलते रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा, पेशवाईवर हक्क सांगत होते आणि याच वाड्यात नजरकैदेत होते. ३० ऑगस्ट १७७३, सोमवार, गणेशोत्सवाचे दिवस. नारायणराव पर्वतीला जाऊन आला होता. काहीतरी शिजतंय अशी कुणकुण त्याला लागली होती आणि बंदोबस्ताचं काम त्याने सरदार हरिपंत फडक्यांवर सोपवलं होतं. बंदोबस्त व्हायच्या आत, दुपारी, सुमेरसिंग हा गारदी, म्हणजे पगारी शिपाई, आणि त्याचे साथीदार थकलेल्या पगाराचा गलका करत घुसले. नारायणराव काकांच्या दालनात पळाला आणि त्यांना बिलगला. तुळाजी पवार या नोकराने त्याला ओढून काढलं. चाफाजी टिळेकर हा नोकर धन्याच्या अंगावर आडवा पडला. त्याच्यासकट पेशव्याला कापलं. त्या धुमाळीत पेशव्यासह अकरा माणसं गेली. नारायणराव अठरा वर्षांचा होता.

टिळेकराचं नाव लोककथेत क्वचित येतं, आणि ही तिची फार मोठी उणीव आहे. लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी भुतापेक्षा आधी हा माणूस सांगावा.

राघोबादादांच्या पत्नी आनंदीबाईंनी चिठ्ठीतल्या ‘धरावे’चं ‘मारावे’ केलं, ही ‘ध’चा ‘मा’ गोष्ट प्रत्येकाला पाठ असते. वाड्यात ती पुराव्यासारखी सांगितली जाते, तशी ती घेऊ नये. कट पकडण्याचा होता की मारण्याचा आणि हुकूम कुणाचा, यावर तेव्हाही वाद होता. ठाम आहे ते एवढंच की न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली, दोष खुद्द रघुनाथरावांवर ठेवला, त्यांना देहांत प्रायश्चित्त सांगितलं आणि पद सोडून पुण्यातून निघून गेले. सत्तेवर बसलेल्या माणसाला त्याच्या तोंडावर हे सांगणारा न्यायाधीश ही या सगळ्या कहाणीतली सगळ्यात मोठी गोष्ट आहे, आणि तिकीट काढणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ती ऐकायला मिळते.

भुताची कथा अशी: रात्री वाड्यातून कोवळ्या पोराची हाक येते, ‘काका, मला वाचवा’. कुणी अमावस्या सांगतं, कुणी पौर्णिमा. पंचांग उघडलं की दोन्ही गळून पडतात. त्या दिवशी भाद्रपद शुद्ध त्रयोदशी होती आणि वेळ दुपारची, भर उजेडाची. वाडा संध्याकाळी बंद होतो, म्हणजे ‘मी ऐकलंय’ म्हणणारा तटाबाहेर रस्त्यावर उभा असतो. तरीही ही कथा टाकाऊ नाही. बखरी आणि कागदपत्रं न वाचलेल्या माणसांनी अडीचशे वर्षं एका पोराची शेवटची विनवणी तोंडी जपली आहे. जीव वाचवायला तो ज्याच्याकडे धावला, तिथेच त्याचा घात झाला, एवढं या तीन शब्दांत नेमकं पोचतं. तिथी चुकली असेल, मर्म चुकलेलं नाही.

फिरायचा क्रम असा ठेवावा. दिल्ली दरवाजा उत्तरेला आहे. फोटो काढण्याआधी दाराजवळ जाऊन खिळे पाहा: हत्तीच्या कपाळाच्या उंचीवर, एकेका फळीवर नऊ गुणिले आठ असे बहात्तर. उजव्या फळीत माणसाने वाकून आत यावं अशी दिंडी आहे. आत शिरताच वाट काटकोनात उजवीकडे वळते, मग डावीकडे, म्हणजे बाहेरून आलेला जमाव सरळ घुसूच नये. हे वळण पावलांनी मोजत जा. ही सगळी तटबंदी बाहेरच्या शत्रूसाठी होती, आणि पेशव्याला मारणारे गारदी त्याच्याच पगारावर होते. कमानीच्या आतल्या भिंतींवर जुनी चित्रं पुसट उरली आहेत. डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबलात तरच ती दिसतात.

मग जिन्याने वर नगारखाना उघडा असेल तर तो, आणि तटावरून फेरी. पायऱ्या उंच आणि झिजलेल्या आहेत. पावसात घसरडं होतं, चपला घालून चढू नये. वयस्कर माणसांना खालीच बसवावं. वरून नऊ बुरूज आणि जोत्यांचे चौक एका नजरेत येतात. वाड्याचा आवाका खालून कळत नाही, म्हणून ही फेरी टाळू नका.

खाली उतरल्यावर हजारी कारंजं. सोळा पाकळ्यांचं हे कमळ बहुतेक गट नारायणरावाच्या गोष्टीत घुसडतात. ते त्याच्या काळात नव्हतंच. त्याची पत्नी गंगाबाई खुनाच्या वेळी गरोदर होती; रघुनाथरावांविरुद्ध एकवटलेल्या कारभाऱ्यांनी, म्हणजे बारभाईंनी, तिला पुरंदरावर नेलं आणि १८ एप्रिल १७७४ ला सवाई माधवराव जन्मला. कारंजं त्या बाळ पेशव्यासाठी केलेलं. ऑक्टोबर १७९५ मध्ये तो याच वाड्यात माडीवरून खाली पडून दगावला. बाप आणि लेक, दोघांचे मृत्यू एकाच वाड्यात, बावीस वर्षांच्या अंतराने. म्हणूनच सांगणाऱ्यांची गल्लत होते आणि ऐकणारा चुकीचं घेऊन घरी जातो.

सगळ्यात महत्त्वाची जागा दक्षिणेला आहे आणि तिथे सगळ्यात कमी गर्दी असते. जांभूळ दरवाजा नावाची ही मागची वाट. नारायणरावाच्या देहाचे तुकडे इथून बाहेर नेले असं सांगतात, आणि तेव्हापासून त्याला नारायण दरवाजा म्हणतात. आतून पाहून झाल्यावर बाहेर येऊन तटाच्या कडेने दक्षिणेकडे चालत जा आणि तोच दरवाजा रस्त्यावरूनही बघा. दिल्ली दरवाज्याशी तुलना केली की उंची आणि रुंदीतला फरक अंगावर येतो. समोरून मिरवणुका निघत, पेशव्याला मात्र या बाजूने नेलं. वाटेत पूर्वेला खिडकी दरवाजा आणि आग्नेयेला गणेश दरवाजा लागतो. उत्तरेचा मस्तानी दरवाजा धरून पाचही होतात.

उणीव स्पष्ट आहे. फलकांवर बांधकामाची माहिती मिळते, पण ३० ऑगस्टचा दिवस कोणत्या क्रमाने घडला हे जागेवर उभं राहून समजत नाही. एक साधा नकाशा, चार बाण आणि रामशास्त्र्यांच्या निवाड्याच्या दोन ओळी एवढ्याने हे काम होईल. तोवर वाटाड्या घ्यायचा असेल तर पैसे ठरवण्याआधी त्याला विचारा: कारंजं कोणाच्या वेळचं? उत्तर चुकलं तर पुढे चालू लागा.

ध्वनी-प्रकाशाचा खेळ चालू असेल तर त्याचं तिकीट वेगळं असतं. मराठी आणि इंग्रजी असे दोन खेळ. मराठीच घ्या, त्या हाकेला इंग्रजीत जीव नाही. खेळ उघड्यावर असल्याने त्या दिवशी आहे की नाही हे खिडकीवर विचारूनच बेत आखा, आणि दिवसा वाडा पाहिला नसेल तर नुसता खेळ पाहू नका, कारण अंधारात कोणता दरवाजा कुठे हेच कळत नाही.

गाडी आणू नये. आसपासच्या पेठांतले रस्ते अरुंद, आणि पार्किंग शोधण्यातच तास जातो. बस किंवा मेट्रोने मनपाला उतरून शिवाजी पुलावरून चालत या. अनंत चतुर्दशीच्या आसपास मात्र मध्यवर्ती पेठांतले रस्ते मिरवणुकीसाठी बंद होतात, तेव्हा खुनाच्या तिथीला, म्हणजे आदल्या दिवशी त्रयोदशीला, जायचा हट्ट असेल तर सकाळी लवकर आटपा.