शांत वस्तीतली आडबाजूची हॉटेलं आणि बार: नकाशा बरा की पायपीट?

वेळ कमी असेल तर मोबाईलवरचा नकाशा बरा, पण तो नीट वापरायला हवा. लांबून पाहिलं तर मोठी नावंच दिसतात. गल्ली पूर्ण झूम करून त्याच भागात पुन्हा शोधलं की लहान ठिकाणं वर येतात. रेटिंगचे तारे बघत बसू नका. रिव्ह्यू 'नवीन आधी' लावा आणि गिऱ्हाइकांनी टाकलेले ताजे फोटो पाहा. फसगत होते ती वेळांत: मालकाने बदल टाकला नाही, तर 'उघडं आहे' वाचून आपण बंद शटरसमोर उभे!

पायपिटीत दीड-दोन तास जातात, पण नकाशावर नसलेलंही सापडतं. मुख्य रस्ता सोडून मागच्या गल्लीत, ऐन जेवणाच्या वेळी फिरा. वरचे मजले आणि तळघरांच्या पाट्याही वाचा. दुकानदाराला 'चांगलं हॉटेल कुठे?' विचारलं तर तो पाहुण्यांना दाखवायचं ठिकाण सांगतो; 'तुम्ही स्वतः कुठे जेवता?' असं विचारा. बार मात्र दुपारच्या फेरीत निसटतात, बरेचसे उघडतातच संध्याकाळी.

एकाच रात्रीचा मुक्काम, सोबत मुलं किंवा पथ्य असेल तर नकाशा. आठवडाभर राहणार असाल तर पायीच.