छताचं कापड लोंबतंय? ‘गाडी न खोलता’ काम करणाऱ्यांपासून सावध

रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक माणूस येतो. हातात सोल्यूशनचा म्हणजे पातळ गोंदाचा डबा, पिचकारी, रबरी रोलर. कोणाच्या गाडीतलं छताचं कापड सुटून खाली आलंय हे त्याला गाड्या धुणाऱ्या पोराकडून आधीच कळलेलं असतं. ‘‘साहेब, गाडी खोलायची गरजच नाही, अर्ध्या तासात कंपनीसारखं करून देतो.’’ कापडाला जाड सुईनं जागोजागी भोकं पाडायची, आत सोल्यूशन सोडायचं, वरून रोलर फिरवायचा. छत वर जातं, मालक खूश होतो, पैसे दिले जातात. बिल नसतंच. हा धंदा थंडीत जोरात चालतो, कारण डिसेंबरात चिकटवलेलं कापड एप्रिलपर्यंत टिकतं आणि एप्रिलमध्ये त्या माणसाचा फोन बंद असतो.

कापड पुन्हा सुटतं ते का, हे कळलं की निम्मी फसवणूक टळते. छत म्हणजे नुसतं कापड नसतं. पत्र्याच्या बाजूला दाबून आकार दिलेला कडक बोर्ड, त्यावर साधारण 3 मिलिमीटरचा पीयू (पॉलियुरेथेन) फोम आणि फोमला चिकटलेलं पातळ कापड, असे तीन थर. कंपनीचा गोंद सहसा टिकून असतो. मरतो तो फोम. उष्णता आणि दमट हवा यांनी तो वर्षानुवर्षं आतून कुजत जातो, चिकट होतो, मग त्याचा भुगा होतो. म्हणून मुंबई-कोकणातल्या गाड्यांनाही हा त्रास होतो आणि नागपूर-अकोल्याकडच्या गाड्यांनाही. कापड सुटतं तेव्हा फोम मधोमध फाटलेला असतो, अर्धा बोर्डाला, अर्धा कापडाला. आता त्यात कितीही भारी सोल्यूशन ओता, ते चिकटणार भुग्यालाच. मे महिन्यात उघड्यावर उभ्या गाडीत आतली हवाच 60 अंशांच्या वर जाते आणि पत्र्याखालचं छत त्याहून तापतं. साधं सोल्यूशन तिथे मऊ पडतं आणि कापड आधीपेक्षा मोठा फुगा घेऊन खाली येतं.

नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. आत सोडलेलं सोल्यूशन कापडातून झिरपून पिवळट डाग पाडतं, ते कशानंच जात नाहीत. बोर्डावर त्याचे कडक गोळे होतात. पुढे कोणी नीट काम करायला घेतलं की हे गोळे खरवडताना बोर्डाचा वरचा पापुद्रा निघतो, म्हणजे मजुरी वाढली.

दुकानातली फसवणूक जरा सफाईदार असते. सीट कव्हरवाला ‘नवीन रूफ’ म्हणून भाव सांगतो, गाडी दोन-तीन तासांत परत देतो आणि छत खरंच नवं दिसतं. त्यानं जुनं कापड काढलेलंच नसतं, त्यावरच दुसरं कापड ओढलेलं असतं. डोम लाइटचं, म्हणजे छतातल्या दिव्याचं, कव्हर काढून कापलेली कड बाजूनं बघा: वर नवं करडं कापड, त्याखाली जुनं बदामी आणि दोहोंच्या मागे बोटाला लागणारा मोहरीच्या रंगाचा चिकट चुरा. दोन कापडांचं वजन आता त्या कुजलेल्या फोमवर. ते खाली येतं तेव्हा आख्खं येतं, कधीकधी चालू गाडीत ड्रायव्हरच्या डोक्यावर.

हे ओळखायची सगळ्यात सोपी खूण म्हणजे वेळ. बोर्ड बाहेर काढणं, घासणं, कापड लावणं, वाळू देणं आणि परत बसवणं यात एक पूर्ण दिवस जातो, बहुतेकदा गाडी रात्रभर ठेवावी लागते. ‘संध्याकाळी घेऊन जा’ हे एक वेळ चालेल. ‘चहा पिऊन या, तोवर होतं’ म्हणणाऱ्याकडे गाडी सोडू नये. दुसरं, काम सांगतानाच म्हणायचं की जुनं कापड मला परत हवंय. प्रामाणिक कारागीर हसून कोपऱ्यातला बोळा उचलून देतो. ज्यानं काढलेलंच नाही त्याची गोची होते.

फसवणुकीचा तिसरा प्रकार कापडाचा. छताला फोम चिकटवलेलं, थोडं ताणलं जाणारं कापड लागतं. दुकानात नमुना फोमवाला दाखवतात आणि लावताना बिनफोमचं, सोफ्याचं किंवा पडद्याचं कापड वापरतात. बिनफोमचं कापड बोर्डाचा प्रत्येक खड्डा दाखवतं. ताणलं न जाणारं कापड व्हायझरच्या (समोरचं ऊन अडवायच्या फळीच्या) आणि डोम लाइटच्या खोलगट जागेत बसत नाही, तिथे पहिल्या उन्हात तंबू होतो. ऑनलाइन मागवताना तर फोटोत 3 मिलिमीटर फोम असतो आणि हातात येतं ते एक मिलिमीटरचंही नसतं. कुठे रुंदी कमी भरते, कुठे दोन तुकडे पाठवतात. ‘कापलेलं कापड परत घेत नाही’ ही अट पानाच्या तळाशी असते. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा, टेपनं मोजा, कडेला पट्टी लावून जाडीचा फोटो घ्या. दीड मीटर पन्ह्याचं कापड साध्या हॅचबॅक किंवा सेडानला 2 ते 2.5 मीटर लागतं. तीन रांगांच्या गाडीला 3 मीटरच्या पुढेच, आपली गाडी मोजून घ्यावी.

‘रिपेअर किट’मधल्या वळ्यावळ्याच्या पारदर्शक पिना मात्र पूर्ण खोट्या नाहीत. त्या बोर्डात स्क्रूसारख्या फिरतात आणि आरशात मागचं दिसेल इतपत कापड धरून ठेवतात. फसवणूक ‘कायमचा उपाय’ या दोन शब्दांत आहे.

या सगळ्यात पैशाहून गंभीर गोष्ट एअरबॅगची. कर्टन एअरबॅग, म्हणजे बाजूच्या काचांवर पडद्यासारखी उघडणारी, असलेल्या गाड्यांत ती छताच्या कडेला, दारांच्या वर गुंडाळून ठेवलेली असते. पुढच्या पिलरचं (काचेच्या बाजूच्या, छत धरणाऱ्या खांबाचं) प्लास्टिक बऱ्याच गाड्यांत पट्टी असलेल्या खास क्लिपनं धरलेलं असतं, एअरबॅग फुटताना ते उडून तोंडावर येऊ नये म्हणून. या क्लिपा अनेकदा एकदाच वापरायच्या असतात. घाईत काम करणारा त्या तोडतो आणि प्लास्टिक सोल्यूशननं चिकटवतो किंवा सरळ पत्र्यात स्क्रू मारतो. बाहेरून काहीच दिसत नाही. गाडी ताब्यात घेताना पिलरवर ‘एसआरएस’ ही एअरबॅगची खूण असलेली अक्षरं असतील तिथे नखानं कड चाचपा. गोंद लागला, स्क्रूचं टोपण दिसलं, तर गाडी तिथेच परत खोलायला लावा. एअरबॅगचा दिवा चावी फिरवल्यावर लागून काही सेकंदांत विझला पाहिजे.

छतावर तपकिरी कडा असलेला ओला डाग असेल तर कापड बदलून काही उपयोग नाही. सनरूफच्या निचऱ्याच्या नळ्या तुंबलेल्या असतात किंवा अँटेनाखालचं रबर गेलेलं असतं. गळती न बघता कापड विकणारा पुढच्या पावसाळ्याचं गिऱ्हाईक पक्कं करत असतो.

घरी करायचं तर दोन माणसं आणि सुट्टीचे दोन दिवस हवेत. आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढा आणि दहा मिनिटं थांबा. व्हायझर, हँडल, डोम लाइट, पिलरची प्लास्टिकं, दाराचं रबर हे सगळं सुटतं. मधल्या पिलरसाठी सीटबेल्टचा वरचा बोल्ट खोलावा लागतो, तो परत मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कनंच (पिळाच्या जोरानंच) कसायचा. एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरांना हात लावायचा नाही. हॅचबॅकचा बोर्ड डिकीतून निघतो. सेडानमध्ये सीट पूर्ण आडव्या करून दारातून तिरका काढावा लागतो आणि बहुतेक बोर्ड इथेच मोडतात. चीर पडलीच तर मागच्या बाजूनं फायबरची जाळी आणि रेझिन लावून ती सांधता येते. दुकानदार नेमकी हीच चीर कापडाखाली लपवतात. सहा महिन्यांनी तिथे आडवी घडी दिसते.

मग मास्क लावून नायलॉनच्या ब्रशनं फोम घासायचा. तारेचा ब्रश नको, तो बोर्ड खातो. तळवा फिरवल्यावर हाताला कण लागणं थांबेपर्यंत घासायचं आणि व्हॅक्यूम मारायचा. सगळ्या कामात सगळ्यात कंटाळवाणं हेच, आणि टिकणं-न टिकणं इथेच ठरतं. गोंद जास्त तापमान सोसणारा, खास छताच्या कापडासाठी असलेला घ्या. 500 मिलीचे दोन स्प्रे कॅन लहान गाडीला पुरतात. सीलबंदच घ्या, सुटं सोल्यूशन थिनर मारून पातळ केलेलं असू शकतं. कापड बोर्डावर पसरा, अर्धं मागे दुमडा, बोर्डाला आणि फोमला दोन्हीकडे मारा. बोटाला चिकटेल पण तार येणार नाही इतकं वाळू द्या. ओलं असताना दाबलंत तर गोंद फोममधून वर येतो आणि डाग कायमचा. मधून कडेकडे तळव्यानं बसवत जा. खोलगट जागेत आधी बोटांनी कापड तळाला टेकवा, मग पुढे सरका. ताणून वरून नेलेलं कापड उन्हात सुटणारच. कडेला 3-4 सेंटिमीटर मागे वळवून चिकटवा आणि 24 तास हात लावू नका. भर पावसाळ्यात हे काम टाळा: गोंदातलं द्रावक उडताना पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि पकड कच्ची राहते.

फसवणूक झालीच असेल तर कापड उपटून टाकायच्या आधी फोटो काढा: डोम लाइटच्या भोकाची कड, सुईची भोकं, तुटक्या क्लिपा. यूपीआयची नोंद आणि व्हॉट्सॲपवरचा भाव जपून ठेवा; बिल नसलं तरी यांचा पुरावा म्हणून उपयोग होतो. आधी दुकानदाराला लेखी कळवा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. तिथे मिटलं नाही तर 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. मुदत दोन वर्षांची आहे आणि पाच लाखांपर्यंत दिलेल्या मोबदल्याच्या प्रकरणात फी नाही. पैसे ऑनलाइन घेऊन विक्रेता गायबच झाला असेल तर त्याच दिवशी सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन लावा, पैसे पुढे सरकायच्या आत गोठवले गेले तरच परत मिळायची आशा असते.