शेणखत की गांडूळखत? जवळ शोषखड्डा असेल तर

खताआधी जागेचं बोलू. सेप्टिक टँक धड असेल तर तिचा फारसा त्रास नाही. त्रास तिचं पाणी जिथे जमिनीत मुरतं त्या शोषखड्ड्याच्या आसपासचा. जंतांची अंडी मातीत वर्षानुवर्षं तग धरतात, म्हणून त्या पट्ट्यात मी गवतच ठेवलंय. तिथे भर घालून उंच वाफे करायचा मोह होतो, पण त्याने जमिनीला हवा मिळत नाही आणि पाणी मुरणं मंदावतं. माझे वाफे तिथून लांब, चढाच्या अंगाला आहेत. पुढचं सगळं अशा वाफ्यांपुरतं. खालून पाझरणाऱ्या घाणीवर कुठलंच खत उतारा नाही.

जमिनीचा पोत सुधारायला शेणखताला तोड नाही, आणि मोठ्या बागेला पुरतं तेच. मात्र ते पुरतं कुजलेलं हवं. ढीग वरखाली करत आतून ५५ अंशांवर बरेच दिवस तापला तर रोगजंतूंचा निकाल लागतो. कच्चं शेण घातलं, तर अमेरिकेतल्या सेंद्रिय शेतीच्या नियमाने मातीला टेकणाऱ्या भाज्यांसाठी काढणीआधी १२० दिवस जावे लागतात, बाकीच्यांसाठी ९०. विकतचं ‘कुजलेलं’ खत फोडून बघा: पुष्कळदा आत ओला हिरवट गोळा असतो, नशीब वाईट असेल तर मुळं खाणारी हुमणी अळीही.

माझा निर्णय मात्र तणाने केला. गुरांच्या पोटातून तणाचं बी शाबूत बाहेर येतं, लव्हाळ्याच्या गाठी खतातून येतात त्या वेगळ्याच. कोथिंबिरीच्या वाफ्यात सारखी खुरपणी, आणि दर खुरपणीला माती उडून पानांवर. जी पानं आपण कच्ची खातो, नेमकी त्यांच्यावर! हे मला फार खुपायचं.

गांडूळखत चहापत्तीसारखं मोकळं, रोपाच्या बुडाशी मूठभर टाकलं की झालं. माझ्याकडे तण खूपच कमी झालं. खोट आहे, आणि मोठी. गांडुळं ३५ अंशांपुढे टिकत नाहीत, त्यामुळे हे खत तापत नाही. शेण आधी ढिगात तापून, निवून मग गांडुळांना घातलेलं असेल तरच त्यावर भिस्त ठेवावी. शिवाय महाग पडतं.

वांगी-भेंडीला जुनं शेणखत मी आजही घालतो. पालेभाजी, मुळा, गाजराला मात्र गांडूळखतच घ्यावं असं मला वाटतं. घेताना शेण आधी तापवलं होतं का, एवढं विचारा. विकणारा चाचरला तर घरचं वर्षभर मुरलेलं शेणखत बरं.