मॅटप्लॉटलिबमध्ये पावसाचे नकाशे: रंग, कलरबार आणि फाइलमध्ये उतरणारं चित्र (काही महिन्यांच्या वापरानंतर)

भारतीय हवामान विभागाचा ०.२५ अंशाचा दैनिक पर्जन्याचा ग्रिड आणि पायथनमधली आलेख-नकाशे काढणारी लायब्ररी मॅटप्लॉटलिब, ही जोडी काही महिने रोजच्या कामात आहे. आवृत्त्या ३.८ ते ३.१०. इथे लिहितोय ते दोनच बाबींबद्दल: आकड्याला रंग कसा मिळतो, आणि पडद्यावर दिसलेलं चित्र फाइलमध्ये कसं उतरतं. रेषा, बार, स्कॅटर हे सगळं बिनतक्रार चालतं, त्यावर वेळ घालवत नाही.

एकूण मत असं की रंगांवरचा इतका बारीक ताबा दुसऱ्या फार थोड्या साधनांत मिळतो. पण डीफॉल्ट आहेत ते डेटावर पटकन नजर टाकण्यासाठी. छापायच्या चित्रासाठी नाहीत. त्यांच्यावर विसंबलं की नकाशा चुकतो, आणि एरर येत नाही. खरी डोकेदुखी हीच आहे.

सुरुवात ग्रिडपासूनच घ्या. रेखांशात १३५ आणि अक्षांशात १२९ चौकटी, ६६.५ ते १०० पूर्व आणि ६.५ ते ३८.५ उत्तर. जिथे माहिती नाही तिथे -९९९. आकड्यांचा हा तक्ता (अ‍ॅरे) तसाच 'इमशो'ला, म्हणजे अ‍ॅरेचं चित्र काढणाऱ्या फंक्शनला, दिला तर स्केल -९९९ पासून सुरू होतं. समुद्र गडद जांभळा दिसतो, आणि शून्यापासून ३०० मिमीपर्यंतचा सगळा पाऊस व्हिरिडिस या डीफॉल्ट कलरमॅपच्या (रंगमालेच्या) शेवटच्या पाव भागात, हिरव्या-पिवळ्यात कोंबला जातो. शिवाय देश उलटा दिसतो, कारण पहिली ओळ दक्षिणेची आहे आणि 'इमशो' पहिली ओळ वर काढतं. त्यावर 'ओरिजिन' 'लोअर' करायचं. ऋण आकडे नंपाय लायब्ररीच्या 'व्हेअर'ने 'नॅन' (आकडा नाही) करायचे.

'एक्स्टेंट' (चित्राची अक्षांश-रेखांशातली हद्द) देताना बहुतेकांचं हमखास चुकतं. ६६.५ आणि १०० ही चौकटींच्या मध्यांची जागा आहे, कडांची नाही. 'एक्स्टेंट'ला कडा लागतात: ६६.३७५, १००.१२५, ६.३७५, ३८.६२५. मध्य दिले तर टोकाकडची चौकट ०.१२५ अंशाने, म्हणजे जवळपास १४ किलोमीटरने सरकते. देशाच्या नकाशात हे कळत नाही. कोकण किनारपट्टीवर मात्र पाऊस समुद्रात पडलेला दिसतो. महाराष्ट्रापुरता नकाशा काढत असाल तर 'आस्पेक्ट' (उभ्या-आडव्या मापाचं प्रमाण) १.०६ ठेवा (१९ अंश अक्षांशाच्या कोसाइनचा व्यस्त), नाहीतर राज्य आडवं ताणलेलं दिसतं.

आता मुख्य मुद्दा. मॅटप्लॉटलिबमध्ये रंग दोन टप्प्यांत ठरतो. आधी 'नॉर्म' आकड्याला शून्य ते एकमध्ये बसवतो, मग कलरमॅप त्या अपूर्णांकाला रंग देतो. बरेच जण चित्र बिघडलं की कलरमॅप बदलत बसतात. दोष बहुधा नॉर्ममध्ये असतो. २६ जुलै २००५ चं उदाहरण घ्या. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी, कुलाब्याला ७३ च्या आसपास. सरळ स्केल ९४४ पर्यंत ताणलं तर कुलाब्याचे ७३ मिमी खालच्या आठ टक्क्यांत जातात आणि कोरड्या जागेच्या रंगाला चिकटतात. हवामान विभागाच्या वर्गवारीत मात्र तोही मुसळधारच आहे.

यावर पहिला सुचणारा उपाय 'लॉगनॉर्म' (आकड्याचा लॉग घेणारा नॉर्म), आणि रोजच्या पावसासाठी तो घातक. शून्याचा लॉग निघत नाही, म्हणून शून्य मिमी असलेल्या चौकटी मास्क होतात (झाकल्या जातात) आणि 'बॅड', म्हणजे माहिती नसलेल्या जागेच्या, रंगात जातात. म्हणजे 'पाऊस पडला नाही' आणि 'माहिती उपलब्ध नाही' हे दोन्ही एकाच करड्या रंगात. मराठवाड्यातला कोरडा दिवस आणि अरबी समुद्र सारखाच दिसतो. 'सिमलॉगनॉर्म' (शून्याजवळ सरळ, पुढे लॉग) घेऊन 'लिनथ्रेश', म्हणजे सरळ भागाची मर्यादा, १ ठेवला की शून्य वाचतं, पण तो कलरबार (कोणता रंग म्हणजे किती मिमी, हे दाखवणारी पट्टी) सर्वसामान्य वाचकाला कळत नाही.

रोजच्या पावसासाठी 'बाउंडरीनॉर्म'च (दिलेल्या सीमांनुसार आकडे वर्गांत टाकणारा) घ्यावा. वर्ग आयते आहेत: २.५ ते १५.५ हलका, १५.६ ते ६४.४ मध्यम, ६४.५ ते ११५.५ मुसळधार, ११५.६ ते २०४.४ अति मुसळधार, त्यावर अत्यंत मुसळधार. सीमा द्यायच्या त्या २.५, १५.६, ६४.५, ११५.६, २०४.५ अशा पाचच. प्रत्येक वर्गात खालची सीमा धरली जाते, वरची नाही, त्यामुळे ६४.४३ सारखा ग्रिडमधला आकडा मध्यममध्येच राहतो आणि नेमका ६४.५ मुसळधारमध्ये जातो.

पाच सीमांच्या मध्ये वर्ग चार होतात. खाली आणि वर एकेक धरून सहा. इथे नॉर्मलाच 'एक्सटेंड' 'बोथ' सांगावं लागतं आणि 'लिस्टेडकलरमॅप'मध्ये (रंगांची यादी देऊन केलेल्या कलरमॅपमध्ये) सहा रंग द्यावे लागतात, 'एनकलर्स' (रंगांची संख्या) ही सहा. 'एक्सटेंड' विसरलं तर २०४.५ च्या वरच्या चौकटींना शेवटच्या वर्गाचाच रंग मिळतो. अत्यंत मुसळधार पाऊस नकाशावर अति मुसळधार म्हणून छापला जातो, आणि कलरबार त्याच्याशी तंतोतंत जुळतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. रंग वर्गांपेक्षा कमी दिले तर निदान व्हॅल्यूएरर येतो, तो बरा.

कलरबारमध्ये 'स्पेसिंग'चं डीफॉल्ट 'युनिफॉर्म' आहे, म्हणजे वर्ग लहान असो की मोठा, पट्टी सारखीच. वर्गवारीच्या नकाशाला हेच हवं असतं. 'ड्रॉएजेस' चालू केलं की सीमा स्पष्ट दिसतात.

जून ते सप्टेंबरच्या बेरजेला वर्ग नकोत, तिथे 'पॉवरनॉर्म' (अपूर्णांकाला गॅमा हा घातांक लावणारा), गॅमा ०.५. घाटमाथ्यासाठी स्केल ४००० मिमीपर्यंत नेलं तर २५० मिमीची जागा सरळ स्केलवर सहा टक्क्यांवर येते, गॅमा ०.५ ने पंचवीस टक्क्यांवर. सह्याद्री आणि त्याच्या पूर्वेचा पर्जन्यछायेचा पट्टा दोन्ही एकाच नकाशात वाचता येतात. व्हीमिन-व्हीमॅक्स (स्केलचं किमान आणि कमाल) नॉर्मच्या आत द्यायचे. नॉर्म आणि व्हीमिन दोन्ही 'इमशो'ला वेगवेगळे दिले तर आता एरर येतो. जुन्या आवृत्त्या हे चालवून घेत, म्हणून नेटवरची जुनी उदाहरणं जशीच्या तशी चालत नाहीत.

सरासरीपासूनचा फरक दाखवताना जास्त जपावं लागतं. हा फरक -१०० टक्क्यांच्या खाली जाऊच शकत नाही, वर मात्र २०० किंवा ३०० ला जातो. 'टूस्लोपनॉर्म'ने शून्य मधोमध येतं, पण दोन्ही बाजूंचा उतार वेगळा: -१०० ते २०० ठेवलं की -५० टक्के आणि +१०० टक्के सारख्याच गडद रंगात येतात. तूट आहे त्याहून भयानक दिसते. 'सेंटर्डनॉर्म' दोन्ही बाजूंना समान माप देतो. 'हाफरेंज' (मध्यापासून एका बाजूचा पल्ला) १०० ठेवून वरचं टोक 'एक्सटेंड'च्या बाणात सोडून द्यावं. त्याहून सोपं म्हणजे विभागाचेच वर्ग: ±१९ पर्यंत सामान्य, २० ते ५९ जास्त किंवा कमी, ६० पासून पुढे फार जास्त किंवा फार कमी. पुन्हा बाउंडरीनॉर्म. रंगांसाठी ब्राउन-ब्लूग्रीन हा तयार कलरमॅप पावसाला शोभतो; लाल-निळा तापमानाला राहू द्या.

कलरमॅपबद्दल थोडक्यात. 'जेट' २०१७ च्या २.० आवृत्तीपासून डीफॉल्ट नाही, आणि ते बरंच झालं. त्याची उजळता मध्येच वाढते, मध्येच घटते. पिवळ्या आणि आकाशी पट्ट्यांशी डेटात नसलेल्या कडा दिसतात. कृष्णधवल छापलं तर कमाल आणि किमान दोन्ही काळपट. ज्यांना सप्तरंगच हवे असतात त्यांना 'टर्बो' द्या, पण त्याचीही टोकं गडदच आहेत हे सांगून द्या. नॅनचा डीफॉल्ट रंग पारदर्शक आहे, म्हणजे मागचा पांढरा दिसतो. कलरमॅपची सुरुवात पांढऱ्याने होत असेल तर गोंधळ ठरलेला. 'विथ_एक्स्ट्रीम्स'ने 'बॅड' फिकट करडा करून घ्या, तो नवी प्रत देतो. जुन्या स्क्रिप्टमधला 'सीएम'खालचा 'गेट_सीमॅप' ३.९ मध्ये काढलाय. त्याऐवजी 'कलरमॅप्स' रजिस्टरमधून नावाने घ्यायचं.

आता सेव्ह करणं. डीफॉल्ट ६.४ गुणिले ४.८ इंच, १०० डीपीआय (इंचाला पिक्सेल), म्हणजे ६४० गुणिले ४८० पिक्सेल. अक्षरं पॉइंटमध्ये मोजली जातात, त्यामुळे डीपीआय वाढवल्याने अक्षर चित्राच्या मानाने मोठं होत नाही. फिगसाइझ (चित्राचं इंचातलं माप) वाढवल्याने मात्र लहान होतं. जर्नलच्या ९० मिमी कॉलमसाठी फिगसाइझची रुंदी ३.५४ इंच आणि ३०० डीपीआय, म्हणजे साधारण १०६३ पिक्सेल. अक्षर ८ पॉइंट ठेवलं तर छापूनही ८ च येतं, पण एका अटीवर: 'बीबॉक्स_इंचेस' 'टाइट' वापरायचं नाही. ते चित्राच्या भोवतीची जागा कापतं (डीफॉल्ट ०.१ इंच ठेवून), रुंदी बदलते, मग छापणारा ते पुन्हा ताणतो आणि सगळे हिशेब वाया. कडा कापल्या जात असतील तर 'लेआउट' 'कन्स्ट्रेन्ड' करा. त्याने कलरबारचा प्रश्नही बराच सुटतो. 'फ्रॅक्शन ०.०४६, पॅड ०.०४' हा जो तोडगा जिकडेतिकडे चिकटवलेला दिसतो तो चौकोनी चित्रापुरताच बसतो. चार नकाशांना एक कलरबार हवा असेल तर 'एएक्स'ला चारही अक्षांची यादी द्या आणि नॉर्म चौघांना एकच.

लहान चित्र करताना एक सापळा आहे. 'इमशो' चौकट तिपटीपेक्षा कमी मोठी होत असेल (अगदी दुप्पट किंवा आहे तेवढीच सोडून) तर आपोआप गुळगुळीत करतं. मोठ्या नकाशाला हे लागू होत नाही, ३०० पिक्सेलच्या थंबनेलला होतं. गुळगुळीतपणा आकड्यांवर झाला तर १० मिमी आणि २१० मिमीच्या शेजारच्या चौकटींमध्ये मुसळधार आणि अति मुसळधारची पट्टी उगवते, जी डेटात नाहीच. वर्गवारीच्या नकाशाला 'इंटरपोलेशन' 'नीअरेस्ट' हातानेच लिहा.

जेपीजी नकोच. सपाट रंगांच्या सीमांवर डाग पडतात. पीएनजी वापरा, टिफ मागितलं तर 'पीआयएल_क्वार्ग्ज'मधून एलझेडडब्ल्यू कॉम्प्रेशन द्या, नाहीतर ए-फोर पान ३०० डीपीआयला ३५ एमबीच्या घरात जातं. पीडीएफमध्ये 'पीकलरमेश' (चौकटींचा नकाशा काढणारं दुसरं फंक्शन) प्रत्येक चौकट वेगळी लिहितं: ०.२५ अंशाला सतरा हजारांच्या वर, ०.०५ अंशाला सव्वाचार लाखांच्या वर. 'रास्टराइज्ड' चालू केलं की नकाशा इमेज होतो, अक्षरं व्हेक्टरच राहतात, आणि सेव्हफिगला (सेव्ह करणाऱ्या फंक्शनला) दिलेला डीपीआय तिथे लागू होतो. भरलेल्या कॉन्टूरमध्ये पांढऱ्या केसाएवढ्या रेषा दिसल्या तर तो पीडीएफ व्ह्यूअरचा खेळ असतो. 'सेट_एजकलर'ला 'फेस' दिलं की त्या जातात.

अक्ष, शीर्षक काहीच नको, फक्त चौकटीला एक पिक्सेल हवा असेल तर 'इमसेव्ह'. पण ते नॉर्म घेत नाही, फक्त व्हीमिन-व्हीमॅक्स. त्यामुळे आधी नॉर्म, मग कलरमॅप स्वतः लावून आलेला आरजीबीए अ‍ॅरे (प्रत्येक चौकटीचा तयार रंग) त्याला द्यायचा. 'डीपीआय' तिथे निव्वळ नोंद म्हणून लिहिला जातो, पिक्सेल बदलत नाहीत.

मोसमाचा व्हिडिओ करायचा तर एकच फिगर ठेवून 'सेट_डेटा' (त्याच चित्रात नवे आकडे घालणं) करत सेव्ह करा. रोज नवी फिगर उघडली आणि 'क्लोज' केली नाही तर विसाच्या पुढे इशारा येतो आणि रॅम भरत जाते. 'सेट_डेटा' स्केल बदलत नाही, ही इथे सोयच. फ्रेमची रुंदी-उंची सम ठेवा: १०६३ पिक्सेलवर एच.२६४ चं नेहमीचं एन्कोडिंग थांबतं. ६.४ गुणिले ४.८ ला १५० डीपीआय दिला की ९६० गुणिले ७२०, काम झालं.

राहिली देवनागरी, आणि इथे गुण कापावे लागतात. डीफॉल्ट डेजावू सॅन्समध्ये देवनागरी नाही, चौकोन येतात. नोटो सॅन्स देवनागरी लावला तर अक्षरं येतात, पण या आवृत्त्यांत ती एकापुढे एक नुसती मांडली जातात: 'मिमी'तली पहिली वेलांटी म च्या नंतर पडते, 'पर्जन्य'मधला रफार आणि जोडाक्षर सुटतं. फॉन्ट बदलून काही होत नाही, कारण जुळवणीच होत नाही. चालणारे मार्ग दोन. झीलाटेक ही अक्षरजुळणी प्रणाली बसवलेली असेल तर तिच्याकडून मजकूर जुळवून घेणारा पीजीएफ बॅकएंड, आणि प्रीअ‍ॅम्बलमध्ये (तिच्या सुरुवातीच्या सूचनांत) फॉन्टला देवनागरी स्क्रिप्ट सांगायची. पीडीएफ नीट येते, वेळ मात्र लागतो. दुसरा मार्ग म्हणजे 'एसव्हीजी.फॉन्टटाइप' 'नन' करून एसव्हीजी सेव्ह करायची. मग मजकूर मजकूर म्हणूनच राहतो आणि इंकस्केप किंवा ब्राउझर तो बरोबर जुळवतो. इंकस्केपमधून ३०० डीपीआयला पीएनजी काढताना तोच फॉन्ट त्या मशीनवर असायला हवा, आणि अक्षांच्या आकड्यांजवळची लेबलं एकदा तपासून घ्यावीत: रुंदीचा हिशेब मॅटप्लॉटलिबने न जुळवलेल्या अक्षरांवर केलेला असतो, त्यामुळे तिरकं फिरवलेलं लेबल थोडं बाजूला सरकू शकतं.