आमच्या गावची पोलीस चौकी: पाचपैकी तीन तारे, पण हलवू नका

तापीकाठचं आमचं केळीचं गाव. चौकी बंद करून कारभार तालुक्याच्या ठाण्यात न्यायची चर्चा आहे, म्हणून हे लिहितोय. गावाचं स्वतःचं पोलीस खातं आपल्याकडे नसतंच, पोलीस हा राज्याचा विषय. गावचा म्हणावा तो एक पोलीस पाटील, 1967 च्या ग्राम पोलीस अधिनियमातला.

विहिरीवरची मोटारीची केबल चोरांनी कापली. बांधावर जळक्या प्लास्टिकची काळी राख, तांबं गायब. हवालदार भाऊ चिखल तुडवत बांधापर्यंत आले, राख काठीने उकरून पाहिली, कोणत्या भंगारवाल्याकडे विचारायचं तेही त्यांना ठाऊक. तक्रार लिहून घ्यायला मात्र "साहेब येऊ द्या"! इथे दोन तारे कापले.

शिकलेली पोरं म्हणतात, मदतीला 112 नंबर आहे, 1 जुलै 2024 पासूनच्या नव्या कायद्याने गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, मग चौकी कशाला? नोंदवता येतो, खरंय. पण पोळ्याला दोन गल्ल्या भिडल्या की कोणाच्या बापाला बोलावलं म्हणजे पोरं घरी जातील, हे तालुक्याच्या साहेबाला कसं कळणार?

जायचं तर सकाळी जा भो, दिवेलागणीनंतर कुलूप असतं.