३० युनिट की ४५ युनिट : बेळगावातून इलेक्ट्रिक गाडी घेताना

पेट्रोल की इलेक्ट्रिक हा वाद घरात मिटला की बेळगाव, निपाणी, खानापूर भागातला ग्राहक शोरूममध्ये हमखास अडखळतो तो बॅटरीपाशी. एकाच गाडीच्या दोन बॅटऱ्या समोर ठेवल्या जातात. टाटा नेक्सॉनमध्ये ३० आणि ४५ युनिट (म्हणजे किलोवॅट-तास, विजेच्या बिलावरचेच युनिट), एमजी विंडसरमध्ये ३८ आणि जवळपास ५३ युनिट. बाहेरून गाडी तीच, आतली सजावट थोडीफार वेगळी आणि किमतीत साधारण दीड-दोन लाखांचे अंतर. मी मोठी बॅटरी घेतली. लहान बॅटरीची तीच गाडी बेळगावातल्याच शहापुरात आमच्या मेहुण्यांकडे आहे आणि ती मी गावातही चालवली आहे, महामार्गावरही. पुढचे सारे या दोन गाड्यांच्या अनुभवावर बेतलेले असल्यामुळे ज्यांचा पाय माझ्यापेक्षा हलका आहे, त्यांचे आकडे थोडे निराळे येऊ शकतील.

गावातल्या वापरापुरते बोलायचे तर लहान बॅटरी पुरून उरते. टिळकवाडी, कॅम्प, वडगाव, उद्यमबाग अशा रोजच्या फेऱ्यांना आठवड्यातून एक-दोनदा गाडी प्लगला लावली की भागते. गाडी वजनाने हलकी असल्यामुळे ती वळणावर आणि गल्लीबोळात थोडी अधिक चपळ वाटते, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. घरच्या १५ अँपिअरच्या प्लगवर ती रात्री नऊ-दहाला लावली तर सकाळी दूधवाला येईपर्यंत भरलेली असते. मोठी बॅटरी त्याच प्लगवर तळापासून भरायची म्हटली तर चौदा-पंधरा तास घेते, म्हणजे एक रात्र पुरत नाही. त्यासाठी भिंतीवरचा ७.२ किलोवॅटचा चार्जर बसवावा लागतो आणि तो बसवायचा तर घराचा मंजूर लोड वाढवून घ्यावा लागतो. आपल्याकडच्या जुन्या घरांना दोन-तीन किलोवॅटचाच लोड मंजूर असतो. तेव्हा वायरमनला बोलावून मीटरपासून पार्किंगपर्यंतची वायर आणि अर्थिंग आधी तपासून घ्यावे. अर्थिंग नीट नसेल तर गाडी वीज घ्यायलाच नकार देते, मग बॅटरी कोणतीही असो.

विजेच्या बिलाबाबत एक गोष्ट कर्नाटकातल्या ग्राहकाने विसरू नये. गृहज्योती योजनेत ठरलेल्या मर्यादेपर्यंतची वीज फुकट मिळते, पण महिन्याचा वापर २०० युनिटांच्या वर गेला की त्या महिन्याचे संपूर्ण बिल भरावे लागते. महिन्याला हजार किलोमीटर गाडी चालली तर दीडशे युनिट तिलाच लागतात. त्यामुळे ज्या घरात आजवर शून्य रुपयांचे बिल येत होते, तिथे गाडीबरोबर पंखे-फ्रीजचे बिलही येऊ लागते आणि त्याचे खापर गाडीवर फुटते. गाड्यांच्या चार्जिंगसाठी राज्यात वेगळा वीजदर आहे. स्वतंत्र मीटर घेऊन त्या दराने चार्जिंग केले तर घराचे खाते निराळे राहते. हेस्कॉमच्या, म्हणजे आपल्याकडच्या वीज कंपनीच्या, कार्यालयात याची चौकशी गाडी घरी येण्याआधी करावी, कारण लोडवाढ आणि मीटर ही दोन्ही कामे एकाच खेपेत उरकता येतात. हा मुद्दा दोन्ही बॅटऱ्यांना सारखाच लागू आहे.

इथवर पारडे लहान बॅटरीकडे झुकते आणि माझेही झुकलेच होते. ते उलटले ते बेळगावच्या जागेमुळे. नकाशावर पाहिले तर आपल्याला ज्या गावांशी काम पडते, ती बहुतेक सगळी शंभर ते सव्वाशे किलोमीटरच्या वर्तुळावर बसली आहेत. कोल्हापूर साधारण ११०, हुबळी शंभरच्या आतबाहेर, चोर्ला घाटाने पणजी सव्वाशेच्या आसपास. लग्नाचा बस्ता, अंबाबाईचे दर्शन, डॉक्टर, पाहुणे, विमान, ज्याचे जे काम असेल त्यासाठी जाऊन-येऊन दोनशे ते अडीचशे किलोमीटरचा पल्ला पडतो आणि बहुधा त्याच दिवशी परतायचे असते. ९०च्या आसपासच्या वेगाने एसी लावून चालवले तर एका युनिटला साडेसहा किलोमीटर मला मिळतात. त्या हिशेबाने ३० युनिटांत १९५ किलोमीटर होतात आणि ४५ युनिटांत २९०. कोल्हापूरची जाऊन-येऊन २२० किलोमीटरची खेप या दोन आकड्यांच्या मध्ये पडते.

त्यात आणखी एक गोम आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या वर आहे आणि कोल्हापूर साडेपाचशेच्या आसपास. हुबळीही आपल्यापेक्षा खालीच आहे आणि गोव्याबद्दल तर बोलायलाच नको. म्हणजे जाताना उतार आणि येताना चढ हे ठरलेलेच. निपाणी सोडली की तवंदी घाट, पुढे वंटमुरीचा चढ, आणि पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा समोरून तिरका. जाताना पडद्यावरचे टक्के इतक्या संथपणे उतरतात की माणूस खुशीत येतो आणि परतताना तेच टक्के किलोमीटरच्या पुढे धावू लागतात. दीड-पावणेदोन टनांची भरलेली गाडी समुद्रपातळीवरून बेळगावच्या उंचीवर आणायला नुसत्या चढासाठीच साडेतीन युनिटांच्या आसपास वीज खर्च होते. लहान बॅटरीचा हा नववा हिस्सा झाला. मोठ्या बॅटरीत तो बाराव्या-तेराव्या हिश्श्यावर येतो आणि जाणवत नाही.

माझा निर्णय ज्या एका त्रासाने झाला तो इथेच आहे. मेहुण्यांच्या गाडीतून आम्ही कोल्हापूरहून संध्याकाळी परतत होतो. घर पन्नासेक किलोमीटर राहिले होते आणि गाडीत तेवढी वीज नव्हती. खरे पाहता पाच-सहा युनिट मिळाले असते तरी पुरले असते आणि फास्ट चार्जरवर त्याला पंधरा-वीस मिनिटे लागतात. परंतु ती पंधरा मिनिटे मिळवण्यासाठी आधी महामार्ग सोडून एका हॉटेलच्या मागच्या आवारात शिरावे लागले, मग त्या चार्जरचे निराळे ॲप उतरवून घ्यावे लागले, मग ओटीपी, मग वॉलेटमध्ये किमान रक्कम भरणे. एवढे सारे सोपस्कार झाल्यावर गन लावली तर पडद्यावर नुसते गोल फिरत राहिले. तिथला रखवालदार शांतपणे म्हणाला, "लाइट हाय की ओ, पण मशीनच उठेना झालंय बघा सकाळधरनं." पुढच्या चार्जरवर एक गाडी आधीच लावलेली होती आणि तिचा मालक जेवायला बसला होता. मागच्या सीटवर सासूबाई, मांडीवर पेंगुळलेले पोर, डब्यातले जेवण संपलेले आणि पहिल्या वॉलेटमध्ये अडकलेले पैसे. घरी पोहोचायला रात्रीचे साडेदहा झाले. बिघाड काही झाला नव्हता, नुकसानही विशेष नव्हते. तरीही त्या संध्याकाळी माझे बॅटरीचे गणित सुटले.

चार्जिंगसाठी थांबण्याला माझा विरोध नाही. पुण्याला जाताना मोठ्या बॅटरीलाही थांबावे लागते. साताऱ्या-कराडच्या बाजूला जेवायला उतरायचे, गाडी लावायची, हात धुऊन येईपर्यंत पुढची सोय झालेली असते. तो थांबा प्रवासातच धरलेला असल्यामुळे खटकत नाही आणि एक चार्जर बंद निघाला तर पुढचा गाठण्याइतकी वीज शिल्लक असते. लहान बॅटरीत हा थांबा नेमका घर तासाभरावर आले असताना येतो, जेव्हा गाडीतल्या कोणालाच उतरायचे नसते. आणि तो दर खेपेला येतोच असेही नाही. उन्हाळ्यात एसी किती लावला, माणसे किती बसली, रस्त्याचे काम चालू असल्यामुळे किती रखडलो, यावर तो अवलंबून राहतो. म्हणजे निघताना डोक्यात हिशेब सुरू होतो तो घरी येईपर्यंत संपत नाही. मेहुण्यांना या हिशेबाची आता सवय झाली आहे. ते ऐंशीच्या वर जात नाहीत, घाट आला की एसी बंद करतात आणि बहुतेक वेळा पोहोचतातही. मला मात्र तेवढी शिस्त जमेल असे वाटत नाही.

माझ्या गाडीत कोल्हापूरची खेप करून परतल्यावर पाव बॅटरी शिल्लक असते. गोव्याच्या एका दिवसाच्या खेपेत मात्र मोठी बॅटरीही बरीच खाली येते, तेव्हा तिथे दुपारी कुठेतरी गाडी लावलेली बरी. दुसरा एक फायदा वापरताना लक्षात आला. रोजच्या वापरात मी गाडी ८० टक्क्यांपर्यंतच भरतो आणि बॅटरीच्या आयुष्याला तेच मानवते असे सांगतात. ४५ युनिटांचे ८० टक्के म्हणजे ३६ युनिट, म्हणजे मेहुण्यांच्या पूर्ण भरलेल्या गाडीपेक्षा जास्तच. त्यामुळे भिंतीवरचा चार्जर बसवायला मला झालेला उशीरही फारसा जाचला नाही, रोज रात्री साध्या प्लगवर थोडी-थोडी भर पडत राहिली.

असे असले तरी दीड-दोन लाख ही लहान रक्कम नाही. त्यातच सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आल्यामुळे मोठी बॅटरी आणि पेट्रोल गाडी यांच्या किमतीतले अंतर आणखी डोळ्यांवर येते. घरात दुसरी पेट्रोल गाडी असेल आणि लांबचे प्रवास तिनेच होत असतील, तर मी लहान बॅटरी घ्या असेच सुचवेन. कोल्हापुरात किंवा हुबळीत हक्काचे घर असणाऱ्यांनाही ती चालेल. तिथे चार तास साध्या प्लगवर गाडी राहिली तर बारा युनिट मिळतात आणि परतीची चिंता मिटते. मात्र पाहुण्यांच्या दारात उतरल्या-उतरल्या "आत या" म्हणायच्या आत "प्लग कुठे आहे?" असे विचारायची तयारी ठेवावी लागते. निपाणीकरांचे गणितही वेगळे आहे. त्यांना कोल्हापूर पन्नास किलोमीटरच्याही आत पडत असल्यामुळे माझ्या तक्रारीतली निम्मी हवा तिथेच निघून जाते.

ज्यांच्या घरी एकच गाडी असणार आहे आणि जे बेळगाव शहरात किंवा त्याच्या दक्षिणेला खानापूरकडे राहतात, त्यांनी वरच्या मॉडेलमधले छताचे काचेचे तावदान आणि मोठे स्पीकर सोडून द्यावेत आणि मोठी बॅटरी ज्या सर्वांत साध्या मॉडेलमध्ये मिळते ते पाहावे, म्हणजे किमतीतले अंतर बरेच आटोक्यात येते. शोरूमवाल्यांकडे चाचणीसाठी गाडी मागताना गोगटे सर्कलभोवतीच्या फेरीवर समाधान मानू नये. दिवसभरासाठी गाडी मिळत असेल तर लहान बॅटरीची मागून घ्यावी, घरच्या माणसांसह कोल्हापूरला जाऊन यावे आणि परतताना वंटमुरीचा चढ लागेल तेव्हा पडद्यावर किती टक्के उरले आहेत ते पाहून मग आगाऊ रक्कम भरावी.